श्वासाचे शिक्षण : यंत्रामागील माणूस घडविताना



आपल्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाकडे जाताना डाव्या भिंतीवर संगमरवरी पाट्यांची एक ओळ दिसते. कोणी आईच्या स्मृतिप्रीत्यर्थ मॉनिटर दिला, कोणी वडिलांच्या नावे खाट दिली, कोणा कुटुंबाने एकत्र येऊन व्हेंटिलेटर दिला. प्रत्येक पाटीमागे एक घर आहे, आणि आपल्या वाट्याला आलेले दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये ही त्या घराची इच्छा आहे. या औदार्याविषयी विश्वस्त मंडळाच्या वतीने मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करून यंदाच्या अहवालात आम्ही एक गोष्ट मोकळेपणाने सांगू इच्छितो.

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडची दुसरी लाट भरात असताना, आपल्या रुग्णालयास देणगीरूपाने दोन नवे व्हेंटिलेटर मिळाले. ते वेळेत पोहोचावेत म्हणून देणगीदारांनी जिवाचे रान केले होते. यंत्रे आली, नारळ फुटला, हार घातला गेला. आणि त्यानंतर त्यांपैकी एक यंत्र कित्येक दिवस कापडाखाली झाकलेले राहिले. त्यात बिघाड काहीच नव्हता. ते दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत चालवू शकेल असा शिकलेला माणूस आपल्याकडे नव्हता. आपले भूलतज्ज्ञ डॉक्टर एका यंत्रापाशी उभे असत आणि परिचारिका भगिनी त्यांना विचारून विचारून दुसऱ्याकडे पाहत. त्या काळात देशातील अनेक जिल्ह्यांतून अशाच बातम्या येत होत्या. यंत्र विकत घेता येते, परंतु ते चालविणारा हात घडवावा लागतो आणि त्यास काही वर्षे द्यावी लागतात, हा धडा आम्ही त्या उन्हाळ्यात शिकलो. हा हात कसा घडतो, त्याचे महाविद्यालयीन शिक्षण कसे असते आणि आपल्या रुग्णालयाने त्यासाठी काय योजिले आहे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

हा व्यवसाय आला कोठून?

रुग्णाच्या श्वासाची देखभाल करणाऱ्या या व्यावसायिकास ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’ म्हणतात. आपण त्यांना श्वसनोपचारतज्ज्ञ म्हणू. ते डॉक्टर नव्हेत आणि परिचारिकाही नव्हेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णास प्राणवायू देणे, व्हेंटिलेटर लावणे व त्याची मापे जुळविणे, श्वासनलिकेतील नळीची निगा राखणे, फुप्फुसांच्या तपासण्या करणे आणि रुग्णास पुन्हा स्वतःच्या बळावर श्वास घ्यावयास शिकविणे, हे त्यांचे काम होय.

या व्यवसायाची सुरुवात अगदी साधी आहे. अमेरिकेतील रुग्णालयांत प्राणवायूची अवजड नळकांडी या वॉर्डातून त्या वॉर्डात नेणारे सेवक असत. नळकांडे जोडता जोडता त्यांना त्यातले बारकावे कळू लागले. १९४७ मध्ये शिकागो येथे या कामातील मंडळींची संघटना स्थापन झाली, आणि पुढे तिच्यातून शिक्षणक्रम, परीक्षा व परवाने यांची घडी बसत गेली. आज तेथे या व्यवसायात येण्यासाठी किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आवश्यक मानली जाते. आपल्याकडील जुने वॉर्डबॉय, ज्यांना आपण सारे ‘मामा’ म्हणतो, सिलिंडर ठोकून आवाजावरून त्यातील वायूचा अंदाज बांधीत. त्यांच्या अनुभवास आमचा नमस्कारच आहे. त्या अंदाजाच्या जागी हिशेब आणणे, एवढ्या एका वाक्यात या शिक्षणाचा हेतू सांगता येईल.

दुसरी कथा डेन्मार्कची आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडॅम रुग्णालयात दाखल होऊ लागली, आणि त्यांच्यासाठी तेथे श्वसनयंत्रे होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अशा गंभीर रुग्णांपैकी दहांतले आठ-नऊ दगावत. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑगस्टमध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद देववून त्यात नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग हाच उपाय सर्वांसाठी करावयाचा तर रात्रंदिवस पिशव्या दाबणारे हात हवेत! तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी पुढे आले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, मुलांच्या उशाशी बसून, कित्येक आठवडे हाताने श्वास दिला. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ त्या वॉर्डात आहे. त्या साथीत मुले वाचविली ती विद्यार्थ्यांच्या हातांनी, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आपल्या देशातील शिक्षण

भारतात श्वसनोपचाराचा पदवी अभ्यासक्रम कर्नाटकातील मणिपाल, केरळातील कोची यांसारख्या ठिकाणी वैद्यकीय शिक्षणसंस्थांशी संलग्न राहून चालविला जातो. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेतलेल्या विद्यार्थ्यास सर्वसाधारणपणे प्रवेश मिळू शकतो. तीन वर्षे अध्यापन आणि एक वर्ष रुग्णालयातील आंतरवासिता, अशी चार वर्षांची ही बी.एस्सी. पदवी असते. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे.

या व्यवसायास आपल्या देशात दीर्घकाळ स्वतंत्र कायद्याचे छत्र नव्हते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांच्या परिषदा होत्या. श्वसनोपचारतज्ज्ञाची नोंद मात्र कोठेच होत नसे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञांचा समावेश आहे. संलग्न व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण त्यात अपेक्षिलेले आहे. पालकांनी या आकड्यांकडे अवश्य लक्ष द्यावे. ‘सहा महिन्यांत व्हेंटिलेटर तंत्रज्ञ व्हा’ अशा जाहिराती दिसतात. ज्या कामात चुकीची किंमत रुग्णाच्या श्वासाने मोजावी लागते, त्याचे शिक्षण सहा महिन्यांत उरकत नाही.

वर्गात काय शिकवितात?

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांचा पाया घातला जातो. मनुष्य विश्रांतीत मिनिटाला बारा ते वीस वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो आणि त्याची त्याला जाणीवही नसते. श्वासपटल खाली सरकते, छाती फुलते, हवा वायुकोशांत उतरते. तेथे प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विद्यार्थ्यास ही साखळी कडीकडीने समजून घ्यावी लागते, कारण पुढे रुग्णाची धाप पाहून यातील कोणती कडी निसटली आहे हे त्यास ओळखावयाचे असते.

त्याच वर्षी वायूंचे भौतिकशास्त्रही येते. त्याचे एक उदाहरण देतो. मोठ्या सिलिंडरात, ज्याला आपण जम्बो म्हणतो, भरलेल्या स्थितीत सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर प्राणवायू असतो. रात्री अकरा वाजता त्याच्या दाबमापकाचा काटा निम्म्यावर आहे आणि रुग्णास मिनिटाला १० लिटर प्राणवायू चालू आहे. तर उरलेला साठा किती वेळ पुरेल? ३,५०० भागिले १०, म्हणजे ३५० मिनिटे, पाच तास पन्नास मिनिटे. पहाटे पाचला दहा मिनिटे असताना सिलिंडर रिकामे होईल. तेव्हा चारच्या आत दुसरे जोडून तयार असले पाहिजे. हे गणित सातवीच्या मुलालाही येईल. परंतु रात्री अकरा वाजता ते आठवणीने करणारा माणूस वॉर्डात आहे की नाही, यावर पहाटेचे सारे अवलंबून असते. एप्रिल २०२१ मध्ये नाशिक शहरातील एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. नळातील पुरवठा अचानक थांबला तर पहिल्या मिनिटात कोणी काय करावयाचे, याचा सराव आता या शिक्षणाचा भाग मानला पाहिजे.

दुसऱ्या वर्षी रोग व त्यांच्या तपासण्या येतात. फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आणि धमनीतील रक्त घेऊन केली जाणारी रक्तवायू तपासणी, म्हणजेच ‘एबीजी’, या त्यांतील दोन प्रमुख होत. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताची आम्लता ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहते आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर इतका असतो. आकडे पाठ करणे सोपे आहे. कठीण असते ते त्यांतून रुग्णाची कथा वाचणे. दमा उसळलेल्या रुग्णाचा वायू सुरुवातीस कमी असतो, कारण तो जोराने श्वास फेकीत असतो. तासाभराने तोच आकडा ‘नॉर्मल’ दिसू लागला की नवखा माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. शिकलेला माणूस मात्र सावध होतो, कारण याचा अर्थ रुग्ण दमत चालला आहे असा असू शकतो.

उंची मोजणारी ताई

तिसऱ्या वर्षाचा गाभा म्हणजे व्हेंटिलेटर. हा भाग आम्ही आपल्याच वॉर्डातील एका प्रसंगावरून सांगतो.

आपल्याकडे पहिल्या श्वसनोपचारतज्ज्ञ रुजू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्या शिंप्याची टेप घेऊन अतिदक्षता विभागात फिरू लागल्या आणि निजलेल्या रुग्णांची उंची मोजू लागल्या. एका आजींच्या सुनेने न राहवून विचारले, “ताई, कपडे शिवायचेत का आमच्या सासूबाईंचे?” वॉर्डात त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी हसू ऐकू आले.

उंची मोजण्याचे कारण असे. व्हेंटिलेटरने एका श्वासाला किती हवा द्यावयाची, हे रुग्णाच्या वजनावरून ठरवावे असे कोणासही वाटेल. परंतु माणूस स्थूल झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत; ती उंचीच्या प्रमाणात असतात. म्हणून उंचीवरून एक अपेक्षित वजन काढतात. त्या आजी पाच फूट उंचीच्या होत्या आणि वजन पंच्याहत्तर किलो होते. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन सूत्रानुसार साडेपंचेचाळीस किलो येते. किलोमागे ६ मिलिलिटर धरल्यास एका श्वासाला सुमारे २७३ मिलिलिटर हवा पुरते. प्रत्यक्ष वजन धरले असते तर ती ४५० झाली असती. आजारी, सुजलेल्या फुप्फुसांत प्रत्येक श्वासाला इतकी जादा हवा दाबून भरणे म्हणजे जखमेवर पुन्हा पुन्हा घाव घालणे होय.

या लहानशा आकड्याचे मोल किती, हे २००० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या ८६१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटास अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटर आणि दुसऱ्या गटास ६ मिलिलिटर हवा देण्याचे ठरले. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्यात ३१ टक्के. नवे औषध नव्हते, महागडे यंत्र नव्हते. शंभरांमागे जवळजवळ नऊ जीव वाचले ते योग्य माप लावल्यामुळे. देणगीदारांपुढे हा आकडा आम्ही मुद्दाम ठेवीत आहोत. भिंतीवरील पाटीचे यंत्र तेच राहते; त्याच्या बटणांमागील ज्ञानाने त्याचे फळ बदलते.

यंत्र काढणार कधी?

अतिदक्षता विभागाबाहेरील बाकावर बसलेले नातेवाईक आम्हांस एकच प्रश्न सर्वांत अधिक विचारतात : “मशीन काढणार कधी?” आपल्या समाजात ‘मशीनवर ठेवले’ हे शब्द शेवटाची सूचना म्हणून ऐकले जातात. काही वेळा दुर्दैवाने तसे होतेही. परंतु व्हेंटिलेटर हा पुष्कळदा शरीरास सावरावयास मिळालेला अवधी असतो, आणि यंत्र सोडविणे हे ते लावण्याइतकेच कौशल्याचे काम आहे.

यंत्र फार लवकर काढले तर रुग्ण पुन्हा दमतो आणि नळी परत घालावी लागते. फार उशिरा काढले तर श्वसनाचे स्नायू सैल पडतात, छातीत जंतुसंसर्ग होण्याचा धोका दिवसागणिक वाढतो. यावर उपाय म्हणजे रोज सकाळी ठरलेल्या निकषांनी रुग्णास तपासणे, आणि तयारी दिसल्यास यंत्राचा आधार कमी करून अर्धा ते दोन तास त्यास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देणे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३०० रुग्णांच्या एका अभ्यासात डॉक्टर, श्वसनोपचारतज्ज्ञ व परिचारिका यांनी मिळून अशी रोजची पद्धत पाळली. त्यांच्या रुग्णांचा यंत्रावरील काळ साडेचार दिवस भरला. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांचा तोच काळ सहा दिवस होता. दीड दिवस म्हणजे काय, हे बाकावर बसलेल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून नातेवाइकांना आमचे सांगणे असे की ‘कधी काढणार’ याबरोबर आणखी दोन प्रश्न अवश्य विचारा : आज सकाळी श्वासाची चाचणी झाली का, आणि झाली असल्यास तिचे काय झाले? हे विचारणे आपला हक्क आहे. त्याने आमच्या कोणाचाही अवमान होत नाही.

आंतरवासिता : हात बसण्याचे वर्ष

चौथे वर्ष संपूर्ण रुग्णालयात जाते. विद्यार्थी मोठ्यांच्या व लहानांच्या अतिदक्षता विभागांत, शस्त्रक्रियागृहात, अपघात विभागात आणि बाह्यरुग्ण विभागात पाळीपाळीने काम करतो. नळीच्या फुग्यातील दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या आत आहे ना, खाटेचे उशाकडील टोक तीस अंशांहून अधिक उचललेले आहे ना, नळीतील कफ ओढून काढताना रुग्णाचा प्राणवायू घसरत तर नाही ना, अशा शेकडो बारीक गोष्टी येथे हातात बसतात.

नवजात बालकांच्या विभागात त्यास एक साधे, सुंदर उपकरण भेटते. कमी दिवसांच्या बाळाचे वायुकोश श्वास सोडताना मिटून जातात. त्यांना उघडे ठेवण्यासाठी बाळाच्या नाकाशी हवा व प्राणवायू यांचे मिश्रण देतात आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवितात. टोक जितके सेंटिमीटर पाण्यात, तितका दाब बाळाच्या छातीत. पाच सेंटिमीटर बुडविले की पाचचा दाब. बाटलीत बुडबुडे उठत राहिले की समजावे, दाब नीट जातो आहे. ते थांबले की कोठेतरी गळती आहे. यात पडदा नाही, आकडा नाही, अनेकदा सूचना देणारी घंटाही नाही. बुडबुड्यांकडे लक्ष ठेवणारे डोळे हीच त्याची घंटा. शिवाय ती नळी बाळाच्या कोवळ्या नाकास टोचत नाही ना, हेही त्याच डोळ्यांनी पाहावयाचे असते.

माया आणि माप

या शिक्षणाचा एक भाग रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचा आहे. आपल्या परिसरात वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या अनेक माता-भगिनींना, तसेच विडी ओढणाऱ्या अनेक पुरुषांना, दीर्घकालीन धापेचा विकार, म्हणजे ‘सीओपीडी’, जडलेला आढळतो. अशा रुग्णास घरी प्राणवायू लावून दिला जातो. रात्री बाबांची धाप वाढलेली पाहून मुलगा मायेने चकती फिरवितो आणि प्राणवायू दुप्पट करतो. पल्स ऑक्सिमीटरवर आकडा ९९ येतो, घरास बरे वाटते, आणि सकाळी बाबा हाकेस ओ देत नाहीत. या विकारात प्राणवायू गरजेपेक्षा जास्त झाल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. म्हणून अशा रुग्णांसाठी सामान्यतः ८८ ते ९२ हे लक्ष्य ठेवतात. आकडा शंभराजवळ नेणे हा त्यांच्यासाठी उपाय ठरत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण स्वतःहून बदलू नये आणि धाप वाढल्यास रुग्णास लगेच दाखवावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

प्राणवायू चालू असलेल्या खोलीत विडी-काडी तर नकोच, पण देवघरातील समई, उदबत्ती आणि स्वयंपाकाची शेगडीही दूर हवी, कारण प्राणवायू स्वतः जळत नसला तरी लहानशा ठिणगीची आग भडकवितो. इनहेलरविषयीही हेच. ‘पंप लागला की सवय लागते’ हा समज खोटा आहे. त्याहून मोठी अडचण ही की पुष्कळजण तो चुकीचा ओढतात. आधी श्वास पूर्ण सोडावा, पंप दाबताच सावकाश, खोल श्वास आत घ्यावा, दहा सेकंद रोखावा. आणि त्यात स्टिरॉइड असल्यास नंतर चूळ भरावी. मुलांसाठी व वृद्धांसाठी स्पेसर नावाची नळकांडी जोडल्यास काम सोपे होते. हे पाच मिनिटांचे शिकविणे आहे. ते न झाल्यास महिन्याभराचे औषध जिभेवर व घशातच राहते.

हे शिक्षण कोणी घ्यावे?

ज्यास विज्ञानाची आवड आहे, यंत्राची भीती वाटत नाही आणि आजारी माणसाजवळ शांतपणे उभे राहता येते, अशा मुला-मुलींनी या मार्गाचा अवश्य विचार करावा. महाविद्यालय निवडताना पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे, स्वतःचे मोठे रुग्णालय आहे का, अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष किती तास काम मिळते आणि शिकविणारे स्वतः या विषयातील पदवीधर आहेत का, ही चौकशी करावी.

यातील कठीण बाजूही आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. रात्रपाळ्या चुकत नाहीत. अनेक रुग्णालयांत या पदाचे नावच अद्याप नसते, त्यामुळे पदवीधरास ‘टेक्निशियन’ म्हणून कमी वेतनावर घेतले जाते. साहजिकच पुष्कळजण महानगरांकडे आणि आखाती देशांकडे जातात. त्यांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या कामास आपण नाव, वेतन आणि मान देत नाही, त्या कामास माणूस टिकत नाही, हे उघड आहे. आणखी एक गोष्ट वर्गात शिकविली जात नाही : सर्व मापे बिनचूक लावूनही काही रुग्ण जातात. त्या वेळी शेवटची नळी काढताना नातेवाइकांशी दोन शब्द कसे बोलावेत, हे विद्यार्थी आपल्या वरिष्ठांकडे पाहूनच शिकतो.

आपले रुग्णालय काय करणार?

या सर्वांचा विचार करून विश्वस्त मंडळाने पुढीलप्रमाणे निर्णय घेतले आहेत. श्वसनोपचारतज्ज्ञ हे पद रुग्णालयाच्या आस्थापनेवर त्याच नावाने व पदवीधरास साजेशा वेतनश्रेणीत निर्माण करण्यात आले आहे. दरवर्षी आपल्या तालुक्यातील दोन होतकरू विद्यार्थ्यांच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा, वसतिगृहाचा व पुस्तकांचा भार संस्था उचलणार आहे. निवड करताना गुणांबरोबर घरची परिस्थिती पाहिली जाईल आणि मुलींना प्राधान्य राहील. शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी दोन वर्षे आपल्या रुग्णालयात सेवा द्यावी अशी अपेक्षा राहील. मात्र त्यासाठी कोणाचीही मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवली जाणार नाहीत. माणूस कागदाने बांधून राहत नाही, मानाने राहतो, असा आमचा विश्वास आहे. याखेरीज आपल्या परिचारिका भगिनींसाठी व्हेंटिलेटरच्या निगेचे नियमित वर्ग सुरू झाले आहेत, आणि दर महिन्यास एकदा प्राणवायूचा पुरवठा बंद पडल्याची कवायत घेण्यात येते.

देणगीदार बंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे की स्मृतिप्रीत्यर्थ देणगी देताना यंत्राबरोबर माणसाचाही विचार व्हावा. विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लावता येईल, परंतु तिचे काम भिंतीवर दिसणार नाही. ते दिसेल एखाद्या पहाटे चारच्या आत बदललेल्या सिलिंडरात, टेपने मोजलेल्या उंचीत, बाटलीतल्या बुडबुड्यांवर खिळलेल्या नजरेत. फूल ना फुलाची पाकळी, ज्यास जे शक्य असेल ते त्याने द्यावे.

कापडाखाली झाकलेल्या त्या व्हेंटिलेटरविषयी सांगून हा लेख पुरा करतो. तो आता अतिदक्षता विभागातील खिडकीजवळच्या खाटेपाशी असतो. ज्या आजींची उंची त्या दिवशी मोजली गेली, त्या त्याच यंत्रावर होत्या. त्या पुढे चालत घरी गेल्या. जाताना त्यांनी ताईंकडे टेप मागून घेतली आणि सुनेस म्हणाल्या, “आता खरंच चोळीचं माप घे, बारीक झालेय मी.” त्या यंत्राची पाटी भिंतीवर आहेच, देणगीदार कुटुंबास आम्ही हे कळविले, तेव्हा त्यांनी पहिल्या विद्यार्थिनीच्या पुस्तकांचा खर्च आपणहून उचलला.